बारा फटक्यांचा विजय आणि न सांगितलेलं निदान

जुलै १९५४. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, पीबडी इथल्या सेलम कंट्री क्लबच्या हिरवळीवर महिलांच्या यूएस ओपन गोल्फ स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे शेवटच्या दिवशी एकदम ३६ होल खेळायचे होते. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात काही मैलांची चाल आणि त्यात दीडशेच्या आसपास फटके. सर्वांत पुढे होती ४३ वर्षांची बेब झाहारियास. संध्याकाळी हिशोब झाला तेव्हा तिचे एकूण फटके भरले २९१, तर दुसऱ्या क्रमांकावरच्या बेटी हिक्सचे ३०३. गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो. एकेका फटक्यानं निकाल लागणाऱ्या या खेळात बेब तब्बल १२ फटक्यांनी जिंकली होती.

या विजयाच्या पंधरा महिने आधी तिचा गुदाशय शस्त्रक्रियेनं काढून टाकलेला होता. कर्करोग झाला होता. शौचाचा नैसर्गिक मार्ग कायमचा बंद करून पोटाच्या डाव्या बाजूला नवं तोंड केलेलं होतं. हे सारं प्रेक्षकांना ठाऊक होतं, कारण तिनं ते लपवलं नव्हतं. मात्र एक गोष्ट तिच्या शल्यविशारदांना, तिच्या नवऱ्याला आणि एका जिवलग मैत्रिणीला ठाऊक होती आणि तिला स्वतःला ठाऊक नव्हती. शस्त्रक्रियेच्या वेळीच कर्करोग लसिकाग्रंथींमध्ये पसरलेला आढळला होता.

बेबचं मूळ नाव मिल्ड्रेड. जन्म २६ जून १९११, टेक्सास राज्यातल्या पोर्ट आर्थर या बंदराच्या गावी. आईवडील नॉर्वेहून आलेले. वडील ओले डिड्रिक्सन जहाजांवर आणि नंतर घरोघरी सुतारकाम करत. आई हॅना तरुणपणी बर्फावर घसरण्याच्या खेळांत तरबेज होती. सात भावंडांत मिल्ड्रेड सहावी. ती लहान असतानाच एका मोठ्या चक्रीवादळानंतर कुटुंब जवळच्या बोमाँट गावात राहायला आलं. पैशाची चणचण कायमचीच. पण वडिलांची शरीर कमावण्यावर श्रद्धा. त्यांनी परसात मुलांसाठी व्यायामाची साधनं स्वतःच्या हातांनी बनवली. झाडूच्या दांड्याला दोन्हीकडे कपड्यांच्या इस्त्र्या बांधून वजन उचलायची सोय केली. शेजारच्या घरांपुढची कुंपणाची झुडपं ओलांडत पळायचा मिल्ड्रेडचा छंद होता. पुढे अडथळ्यांच्या शर्यतीत तो कामी आला.

बेब हे नाव कसं पडलं याच्या दोन कथा आहेत. मुलांबरोबर बेसबॉल खेळताना ती चेंडू इतका दूर टोलवायची, की पोरांनी त्या काळचा विख्यात खेळाडू बेब रूथ याचं नाव तिला दिलं, ही तिची आवडती कथा. आई तिला लाडानं त्याच्याशी जुळणाऱ्या नावानं हाक मारायची, ही दुसरी. ती शिवणकाम उत्तम करायची, माउथऑर्गन वाजवायची, आणि स्वतःच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगताना थोडं तिखटमीठ लावायलाही तिला आवडायचं. वयसुद्धा ती काही वर्षांनी कमी सांगे.

१९३० मध्ये डॅलस शहरातल्या एका विमा कंपनीनं तिला कार्यालयात नोकरी दिली. खरा हेतू कंपनीच्या महिला बास्केटबॉल संघात तिला घेण्याचा होता. पुढच्याच वर्षी तो संघ राष्ट्रीय विजेता झाला. मग ती मैदानी खेळांकडे वळली. जुलै १९३२ मध्ये शिकागोजवळच्या एव्हनस्टन गावात राष्ट्रीय स्पर्धा होत्या, त्याच ऑलिम्पिकच्या निवड चाचण्याही होत्या. इतर कंपन्या आणि क्लब आपापले संघ घेऊन आले. बेबच्या कंपनीनं एकटीला पाठवलं. एका दुपारी तिनं आठ प्रकारांत भाग घेतला, पाचांत निर्विवाद पहिली आली आणि आणखी एका प्रकारात पहिल्या क्रमांकाची वाटेकरी झाली. सांघिक गुणांमध्ये या एकटीच्या संघाला ३० गुण मिळाले. दुसऱ्या आलेल्या संघात २२ खेळाडू होत्या आणि त्यांचे गुण होते २२.

त्याच वर्षीच्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये महिलांना तीनपेक्षा जास्त वैयक्तिक प्रकारांत उतरता येत नव्हतं. बेब तिन्हींत पदक घेऊन आली. भालाफेकीत सुवर्ण, ८० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ११.७ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्ण, आणि उंच उडीत रौप्य. उंच उडीत ती पहिलीच्या बरोबरीनं होती, पण आडव्या दांड्यावरून आधी डोकं नेण्याची तिची पद्धत पंचांनी नियमबाह्य ठरवली आणि तिला दुसरा क्रमांक दिला.

नाव झालं, पण पोट भरेना. महिला खेळाडूला पैसे मिळण्याची सोयच त्या काळी नव्हती. बेबनं रंगमंचावर करमणुकीचे कार्यक्रम केले, पुरुषांच्या फिरत्या बेसबॉल संघातून प्रदर्शनीय सामने खेळले, मिळेल ते काम करून घरी पैसे पाठवले. वर्तमानपत्रांनी तिच्या दंडांची, केसांची, आवाजाची टिंगल केली. ती बाई म्हणून पुरेशी बाई आहे का, अशा चर्चा छापून आल्या. ती वरवर हसून उत्तरं द्यायची. हा कडूपणा तिला लागत होता, हे तिच्या जवळच्यांनी नंतर सांगितलं आहे.

तिनं गोल्फ मनावर घेतला. शिक्षकाकडे धडे घेऊन नंतर तासन् तास चेंडू मारत राहायची. तळहातांना फोड यायचे, फुटायचे, त्यावर पट्ट्या गुंडाळून ती पुन्हा सुरू करायची. १९३५ मध्ये तिनं टेक्सासची महिलांची हौशी स्पर्धा जिंकली. लगेच अमेरिकी गोल्फ संघटनेनं, तिनं इतर खेळांतून पैसे मिळवले असल्यानं ती हौशी नाही, असा निर्णय दिला. श्रीमंतांच्या क्लबांमध्ये सुताराची मुलगी अनेकांना खुपत होतीच. महिलांसाठी व्यावसायिक स्पर्धा जवळपास नव्हत्याच, त्यामुळे तिची मोठीच कोंडी झाली. जानेवारी १९३८ मध्ये ती थेट पुरुषांच्या लॉस एंजेलिस ओपनमध्ये उतरली. तिथं तिच्या गटात खेळायला आला जॉर्ज झाहारियास हा धिप्पाड व्यावसायिक कुस्तीगीर. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दोघांनी लग्न केलं.

१९४३ मध्ये तिला हौशी खेळाडूचा दर्जा परत मिळाला आणि मग तिला कुणी अडवू शकलं नाही. १९४६ मध्ये तिनं अमेरिकेची हौशी स्पर्धा जिंकली. १९४७ मध्ये स्कॉटलंडमधल्या गलन इथं ब्रिटिश महिला हौशी स्पर्धा जिंकली. १८९३ पासून चाललेल्या या स्पर्धेत हा मान मिळवणारी ती पहिली अमेरिकी. त्याच वर्षी ती व्यावसायिक झाली. १९५० मध्ये महिला व्यावसायिकांची संघटना उभी राहिली, तिच्या तेरा संस्थापकांमध्ये बेब होती. आज जगभरातल्या महिला गोल्फपटू ज्या स्पर्धांवर उपजीविका करतात, त्यांचा पाया या तेराजणींनी घातला. त्याच वर्षी असोसिएटेड प्रेसनं तिला अर्धशतकातली सर्वश्रेष्ठ महिला क्रीडापटू म्हणून निवडलं.

शरीर हेच जिचं भांडवल, तिनं शरीराच्या तक्रारींकडे दुर्लक्ष करावं, यात नवल नाही. वेदना सोसून खेळत राहणं हीच खेळाडूची शिकवण असते. १९५२ मध्ये जांघेतल्या हर्नियात आतडं अडकून तिला तातडीनं शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. त्यातून ती उठली, पण पुढच्या काही महिन्यांत पूर्वीची उमेद परत येईना. फेरी संपेपर्यंत गळून गेल्यासारखं व्हायचं. तपासणी करून घ्यायची, हे तिनं ठरवलं, पण बोमाँटला तिच्याच नावानं भरणारी स्पर्धा झाल्यावर. एप्रिल १९५३ मध्ये ती स्पर्धा तिनं शेवटच्या होलवर जिंकली आणि मगच डॉक्टरांकडे गेली. तपासणीत गुदाशयात गाठ सापडली. तुकडा तपासला, तो कर्करोगाचा निघाला.

मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग बहुतेक वेळा एका दिवसात उगवत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तरावर आधी एक छोटासा मोड येतो. त्याला पॉलिप म्हणतात. अशा मोडांपैकी फार थोडे पुढे कर्करोगात बदलतात आणि त्याला बरीच वर्षं, अनेकदा दहाच्या आसपास, लागतात. या काळात तो दुखत नाही. कारण आतड्याच्या आतल्या अस्तराला कापल्याची, घासल्याची वेदना कळतच नाही. कधी थोडं रक्त जातं, कधी ते डोळ्यांना दिसतही नाही. रोज थोडं थोडं रक्त गेलं की रक्तातलं लोह कमी होतं, पंडुरोग होतो आणि माणसाला थकवा येतो. शौचाची सवय बदलते, कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब, कधी पोट साफ न झाल्याची भावना. यातलं प्रत्येक लक्षण वयावर, दगदगीवर, खाण्यावर किंवा मूळव्याधीवर ढकलता येतं. म्हणूनच निदानाला उशीर होतो.

शस्त्रक्रिया बोमाँटच्या हॉटेल द्यू रुग्णालयात झाली. नाव हॉटेलचं वाटलं, तरी हे जोगिणींनी चालवलेलं रुग्णालय होतं. गॅल्व्हेस्टनहून डॉ. रॉबर्ट मूर शस्त्रक्रियेसाठी आले. गुदाशय खाली असला, की पोटातून आणि खालच्या बाजूनं अशी दुहेरी शस्त्रक्रिया करून तो गुदद्वारासह काढून टाकायचा, ही पद्धत लंडनचे शल्यविशारद अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ मध्ये मांडली होती. मोठ्या आतड्याचं उरलेलं टोक मग पोटाच्या भिंतीतून बाहेर आणून त्वचेला शिवायचं. यालाच कोलोस्टोमी म्हणतात. या नव्या तोंडाला झडप नसते, त्यामुळे मल केव्हा बाहेर यावा यावर माणसाचा ताबा राहत नाही.

आज त्यावर चिकटणाऱ्या, वापरून टाकून देता येणाऱ्या पिशव्या मिळतात. त्यांची कल्पना एलिझ सोरेनसेन या डॅनिश परिचारिकेला १९५४ च्या सुमारास सुचली, तीही स्वतःच्या बहिणीचे हाल पाहून. बेबच्या वाट्याला ही सोय आली नाही. तिची रीत होती दररोज आतडं धुण्याची. ठरावीक वेळी त्या तोंडातून नळीनं कोमट पाणी आत सोडायचं, आतडं रिकामं होऊ द्यायचं. नीट जमलं तर पुढचा जवळपास पूर्ण दिवस काही बाहेर येत नाही. मात्र या कामाला बराच वेळ लागतो आणि सुरुवातीला मदतीला विश्वासाचं माणूस लागतं. बेबला हे माणूस मिळालं बेटी डॉड हिच्या रूपात. बेटी तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होती, स्वतः उत्तम गोल्फपटू होती. तिनं आपल्या स्पर्धा बाजूला ठेवून बेबच्या खोलीत मुक्काम ठोकला आणि परिचारिकेकडून सगळं शिकून घेतलं.

वर्तमानपत्रांना सांगितलं गेलं, की बेब पूर्वीच्या दर्जाचा गोल्फ पुन्हा कधी खेळू शकणार नाही. वैद्यकीय दृष्ट्या हे बोलणं अवाजवी नव्हतं. गोल्फचा फटका हातांनी मारलेला दिसतो, पण त्याची ताकद येते ती पाय, नितंब आणि पोटाच्या तिरक्या स्नायूंच्या पिळातून. ज्या पोटाच्या भिंतीला छेद देऊन आतडं बाहेर काढलं आहे, तिथं असा पीळ पडला की वेदना होतात आणि त्या जागी हर्निया होण्याची भीती असते. ओटीपोटाच्या तळाची जखम भरायला महिने लागतात. बसणंसुद्धा जड जातं. बेबनं मात्र आपल्या गोल्फच्या काठ्या रुग्णालयाच्या खोलीत, नजरेला दिसतील अशा कोपऱ्यात ठेवून घेतल्या होत्या.

जेमतेम साडेतीन महिन्यांनी ती शिकागोच्या टॅम ओशँटर मैदानावर स्पर्धेत उतरली. तिच्याबरोबर खेळायला बेटी डॉडला द्यावं, अशी विनंती तिनं केली होती, कारण मैदानावर काही अडचण आली तर जवळ तीच हवी होती. तिसऱ्या फेरीत चेंडू होलमध्ये जाईना, तेव्हा ती मान खाली घालून रडली. सोडून दिलं तरी कुणी बोल लावणार नाही, असं तिला सुचवण्यात आलं. ती उठली आणि फेरी पूर्ण केली. पाठोपाठ त्याच मैदानावर झालेल्या दुसऱ्या स्पर्धेत ती तिसरी आली.

पुढचं वर्ष १९५४. तिनं पाच स्पर्धा जिंकल्या, त्यात पीबडीची यूएस ओपन. गोल्फच्या पत्रकारांनी आजारातून वा अपघातातून उठून खेळणाऱ्यांसाठी बेन होगन यांच्या नावाचा पुरस्कार सुरू केला होता. होगन हे स्वतः १९४९ च्या भीषण मोटार अपघातात हाडं मोडून, पायातल्या रक्ताच्या गुठळ्यांमुळे मरता मरता वाचून, पुढच्याच वर्षी पुरुषांची यूएस ओपन जिंकलेले. १९५४ चा हा पुरस्कार बेबला मिळाला.

तिची याहून मोठी कामगिरी मैदानाबाहेरची होती. त्या काळी कर्करोग हा शब्द उच्चारणंही टाळलं जाई. मृत्यूच्या बातमीत प्रदीर्घ आजार असं लिहायची रीत होती. गुदाशय आणि शौच यांच्याविषयी तर चारचौघांत बोलणं अशक्यच. बेबनं आपल्याला कुठला कर्करोग झाला, कसली शस्त्रक्रिया झाली हे उघड सांगितलं. कर्करोग संस्थेच्या मोहिमांसाठी ती गावोगाव गेली, रुग्णालयांत जाऊन रुग्णांना भेटली. एप्रिल १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याबरोबर तिनं व्हाइट हाउसमध्ये मोहिमेची सुरुवात केली. पोटावर असं तोंड घेऊन जगणाऱ्या आणि घराबाहेर पडायला धजावत नसलेल्या माणसांची तिला पत्रं येत. ही बाई त्याच अवस्थेत ३६ होल चालते आणि राष्ट्रीय विजेतेपद घेते, ही गोष्ट त्यांना कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त धीर देत होती.

ती सर्वांना सांगत असे, की वेळेवर उपचार घेतले तर कर्करोग बरा होतो, मी बरी झाले आहे. ती हे मनापासून सांगत होती. मात्र तिच्या शस्त्रक्रियेच्या अहवालात वेगळं लिहिलेलं होतं.

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ मध्ये, म्हणजे बेबच्या ऑलिम्पिकच्याच वर्षी, गुदाशयाच्या कर्करोगाच्या पायऱ्या ठरवून दिल्या होत्या. कर्करोग आतड्याच्या भिंतीतच असेल तर पहिली पायरी, भिंत ओलांडून गेला तर दुसरी, लसिकाग्रंथींत शिरला तर तिसरी. पायरी जितकी वरची तितकी शस्त्रक्रियेनंतर तो उलटण्याची शक्यता जास्त. बेबच्या गाठी तिसऱ्या पायरीच्या होत्या. शस्त्रक्रियेपलीकडे द्यायला त्या वेळी फारसं काही नव्हतं. आतड्याच्या कर्करोगावर आजही वापरलं जाणारं फ्लुरोयुरॅसिल हे औषध १९५७ मध्ये जगापुढे आलं, तोवर बेब हयात नव्हती. डॉक्टरांनी ही गोष्ट जॉर्ज आणि बेटी या दोघांना सांगितली. बेबला सांगायची नाही असं ठरलं. दोघांनी ते ओझं दोन वर्षं वाहिलं. विजयानंतरच्या जल्लोषात, मुलाखतींत, मोहिमेच्या व्यासपीठांवर ही दोघं तिच्या आसपास असत आणि हसत असत.

यात कुणाचा दुष्टावा नव्हता. ती त्या काळच्या वैद्यकाची सर्वमान्य रीत होती. १९६१ मध्ये शिकागोच्या एका रुग्णालयातल्या २१९ डॉक्टरांना विचारलं गेलं, तेव्हा जवळजवळ ९० टक्क्यांनी रुग्णाला कर्करोग आहे हे सांगू नये, याकडेच कल दाखवला. १९७९ मध्ये तशाच प्रश्नावलीला ९७ टक्के डॉक्टरांनी सांगावं असं उत्तर दिलं. अठरा वर्षांत एखाद्या व्यवसायाचं मत इतकं पूर्ण उलटल्याची उदाहरणं थोडीच असतील. दरम्यान उपचार सुधारले होते आणि रुग्णाच्या संमतीला कायद्याचं बळ आलं होतं. शिवाय लपवल्यानं भीती कमी होत नाही, रुग्ण फक्त एकटा पडतो, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं.

१९५५ च्या सुरुवातीला बेबनं आणखी दोन स्पर्धा जिंकल्या. मग टेक्सासच्या समुद्रकिनाऱ्यावर सुटीला गेलेली असताना तिची गाडी वाळूत रुतली. ती काढण्याच्या खटपटीत कंबर दुखावली, असं तिला वाटलं. दुखणं थांबेना, पायात कळा जाऊ लागल्या. जूनमध्ये गॅल्व्हेस्टनच्या जॉन सीली रुग्णालयात मणक्यातली सरकलेली चकती काढण्याची शस्त्रक्रिया झाली. तरीही कळा कमी होईनात. काही आठवड्यांनी कारण सापडलं. कर्करोग कमरेच्या खालच्या त्रिकास्थीपर्यंत पोचला होता.

आज अशा रुग्णाची कंबर दुखू लागली, तर पहिला विचार जुन्या रोगाचा केला जातो आणि एमआरआयनं काही तासांत चित्र स्पष्ट होतं. १९५५ मध्ये एमआरआय नव्हतं, सीटी स्कॅनही नव्हता. साध्या क्ष-किरण चित्रात हाड पोखरलेलं दिसायला त्यातला तिसरा हिस्सा तरी, कधी निम्मा, चुना नाहीसा व्हावा लागतो. रोग आधी कळला असता तरी त्या काळात तिचा जीव वाचला असता, असं म्हणता येत नाही. पण कुठलं दुखणं वाळूत रुतलेल्या गाडीचं आणि कुठलं जुन्या आजाराचं, हा संशय घेण्याची संधीच तिला मिळाली नाही. आपण बरे झालो आहोत, हीच तिच्याकडची माहिती होती. आपल्या शरीराची इतकी बारीक जाण असलेल्या माणसाला त्या शरीराची सर्वांत महत्त्वाची बातमी दिली गेली नव्हती.

दुसरी बाजूही आहे. खरं कळलं असतं तर पीबडीचा विजय झाला असता का, असं विचारणारे आहेत. कदाचित तिनं काठ्या खाली ठेवल्या असत्या, कदाचित अधिक हट्टानं उचलल्या असत्या. तिला ओळखणाऱ्यांना दुसरी शक्यता जास्त पटते. ऑगस्ट १९५५ मध्ये कर्करोग परतल्याचं मात्र तिला सांगण्यात आलं. ती कोसळली नाही. किरणोपचार घेतले, नवऱ्याबरोबर स्वतःच्या नावानं कर्करोग निधी उभारला, आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. सत्य पेलण्याची ताकद तिच्यात होती, हे ते कळल्यानंतरच्या तिच्या वागण्यावरून दिसतं.

त्या वर्षीच्या नाताळात ती फोर्ट वर्थ शहरात मित्रांकडे होती. एकदा तरी गोल्फचं मैदान पाहायचं म्हणून तिनं गाडी कलोनियल क्लबला न्यायला लावली. चालणं कठीण झालं होतं. घरातल्या कपड्यांतच ती आधारानं हिरवळीपर्यंत गेली, खाली वाकून गवतावर तळहात ठेवला आणि परत आली.

१९५६ चं जवळजवळ सारं वर्ष रुग्णालयातच गेलं. हाडातल्या कर्करोगाच्या वेदना फार तीव्र असतात. औषधांनी त्या आटोक्यात येईनात, तेव्हा उन्हाळ्यात मज्जारज्जूतला वेदना वाहून नेणारा मार्ग शस्त्रक्रियेनं तोडण्यात आला. वेदनाशमन ही स्वतंत्र शाखा तेव्हा आकारालाही आली नव्हती. गोल्फच्या काठ्या शेवटपर्यंत खोलीत होत्या. २७ सप्टेंबर १९५६ रोजी गॅल्व्हेस्टन इथं तिचं निधन झालं. वय ४५. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पत्रकार परिषदेची सुरुवात तिला श्रद्धांजली वाहून केली. तिला बोमाँटला पुरण्यात आलं. २०२१ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान तिला मरणोत्तर देण्यात आला.

बेबला जे मिळालं नाही, त्यातलं पुष्कळ आज हाताशी आहे. दुर्बिणीतून आतडं पाहून मोड कर्करोग होण्याआधीच काढता येतात. शस्त्रक्रियेआधी किरणोपचार आणि औषधं देऊन गाठ लहान करता येते, त्यामुळे अनेक रुग्णांचं गुदद्वार वाचतं आणि पोटावरचं तोंड लागलंच तर कित्येकदा ते तात्पुरतं असतं. ज्यांना ते कायमचं लागतं, ते नोकरी करतात, प्रवास करतात, पोहतात, संसार करतात. लसिकाग्रंथींत पोचलेला रोगही आता अनेकांचा पूर्ण बरा होतो. पण या सगळ्याचा उपयोग रुग्ण वेळेवर आला तरच. शौचावाटे रक्त जात असेल, शौचाची सवय काही आठवड्यांपासून बदलली असेल, कारण नसताना रक्त कमी होऊन थकवा येत असेल, तर मूळव्याध असेल असं ठरवून घरगुती औषध घेत बसू नये. रक्त मूळव्याधीचं असतंही, पण ते तपासणीनंतर ठरवायचं असतं. आतड्याची तपासणी करायला लाजण्यासारखं काही नाही. घरात आई, वडील किंवा भावंडांना हा आजार झाला असेल, तर तक्रार नसतानाही डॉक्टरांशी बोलावं. आणि हातातली स्पर्धा, लग्नसराई, सुगी किंवा मुलांची परीक्षा उरकल्यावर जाऊ, असं म्हणू नये.

राहिला प्रश्न सांगण्याचा. आजही अनेक घरांतले लोक डॉक्टरांना दाराबाहेर गाठतात आणि रुग्णाला कळू देऊ नका असं विनवतात. त्यामागं माया असते, जशी जॉर्ज आणि बेटीच्या मनात होती. पण ज्याचं शरीर आहे त्याला किती आणि कसं जाणून घ्यायचं आहे, हे आधी त्यालाच विचारलं पाहिजे. एकदम सगळं सांगायची गरज नसते. हळूहळू, त्याच्या प्रश्नांच्या मागोमाग जाऊन सांगता येतं. अशा वेळी आपल्या माणसाला हे झेपेल का, अशी शंका आली, तर घरच्यांनी कलोनियल क्लबच्या गवतावर तळहात ठेवून परतलेल्या बेबला आठवावं. तोवर तिला सगळं कळलेलं होतं.